रक्त थांबलं तरी तपास थांबवू नका

एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा भाग, मिसळलं तरी सगळी लघवी डोळ्यांना लालसर दिसते. त्यामुळे संडासात लाल रंग पाहून पोटात उठणारा गोळा आणि प्रत्यक्ष गेलेलं रक्त यांचा मेळ सहसा बसत नाही. तरुण माणसाच्या बाबतीत रक्त किती गेलं याला क्वचितच महत्त्व असतं. ते आलं कुठून, हे शोधावं लागतं. किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या, तिथून खाली उतरणारी मूत्रवाहिनी, मूत्राशय, प्रोस्टेट आणि शेवटी मूत्रमार्ग, या वाटेवर कुठेही रक्त मिसळू शकतं. प्रत्येक ठिकाणचा आजार वेगळा आणि त्याचा उपचारही वेगळा.

विशी-तिशीतला मुलगा अशा वेळी काय करतो? बहुतेक वेळा कुणालाच सांगत नाही. जागाच लाजेची. आईवडिलांना सांगवत नाही, बायको भलताच अर्थ काढेल अशी धास्ती असते. मग तो दोन दिवस भरपूर पाणी पितो, सब्जा किंवा धन्याचं पाणी घेतो, ‘उष्णता झाली, उन्हाळी लागली’ अशी स्वतःची समजूत घालतो. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ होते आणि विषय मिटतो. इथेच सगळा घोटाळा होतो. लघवीतलं रक्त आपोआप थांबणं हा त्याचा स्वभावच आहे. खड्यामुळे आलेलं थांबतं, गाळण्यांच्या आजारातलं थांबतं, मूत्राशयातल्या गाठीचंही थांबतं. थांबलेल्या रक्तावरून कारणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

पहिली शंका मात्र रास्त असते: हे रक्तच आहे का? आदल्या रात्री भरपूर बीट खाल्लं असेल तर काही जणांची लघवी गुलाबी होते. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी-लाल होते आणि तसं होणं अपेक्षितच असतं, त्यासाठी गोळ्या बंद करायच्या नसतात. कावीळ झाली की लघवी गर्द पिवळी-तपकिरी होते. यात घाबरण्यासारखा एक प्रकार आहे आणि तो हल्ली तरुणांमध्ये ओळखून असायला हवा. महिनोन्‌महिने व्यायाम नाही आणि एकदम जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर-दीडशे बैठका मारल्या, की मांड्यांचे स्नायू अक्षरशः फुटतात. त्यांतला मायोग्लोबिन हा लाल पदार्थ रक्तात येतो, किडनीतून गळतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. 1941 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांच्या किडन्या का बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदवलं. त्यामागेही स्नायूंचा असाच चुराडा होता. अशा लघवीत तपासणीची पट्टी बुडवली तर ‘रक्त आहे’ असा निकाल येतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी सापडत नाहीत. जिमनंतर मांड्या दगडासारख्या कडक होऊन दुखत असतील आणि लघवी काळसर झाली असेल, तर घरी पाणी पीत बसू नये. सलाईन लावावं लागतं आणि ते लवकर लावावं लागतं.

खरोखर रक्त असेल, तर डॉक्टरकडे जाण्याआधी काही गोष्टी आपणच नीट पाहून ठेवाव्यात. धार सुरू होताना लाल आणि नंतर स्वच्छ झाली, तर रक्त बहुधा मूत्रमार्गातून येतं. शेवटच्या थेंबांना लाली असेल तर मूत्राशयाचं तोंड किंवा प्रोस्टेट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा रंग असेल तर मूत्राशय किंवा त्याच्या वरचा भाग. रंगही बोलतो. ताज्या लाल रंगाचं किंवा गुठळ्या असलेलं रक्त खालच्या मार्गातून येण्याची शक्यता जास्त. कोकाकोलासारखी तपकिरी लघवी दिसली तर गाळण्यांचा संशय घ्यायचा. तिथून आलेल्या रक्ताच्या गुठळ्या सहसा होत नाहीत. लाज वाटत असली तरी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. चार दिवसांनी दवाखान्यात पोचेपर्यंत लघवी स्वच्छ झालेली असते आणि ‘लाल होती’ एवढ्या शब्दांवरून डॉक्टरला फारसं कळत नाही.

आता सगळ्यांना माहीत असलेलं कारण, मुतखडा. कमरेच्या मागून एका बाजूने कळ उठते, ती जांघेकडे, कधी वृषणापर्यंत उतरते, उलटी होते, माणूस एका जागी बसू शकत नाही. ही कळ आणि लाल लघवी एकत्र आली तर निदान जवळजवळ झालेलंच असतं. आपल्याकडे ऊन, घाम आणि दिवसभर पाणी न पिता केलेलं काम यांमुळे तरुणांना खडे होतातच; शेतात, बांधकामावर, रिक्षात आणि डिलिव्हरीच्या मोटरसायकलवर दिवस काढणाऱ्यांना जास्त. लघवीला जागा मिळत नाही म्हणून पाणीच कमी पिणारे कितीतरी तरुण आपल्या शहरांत आहेत, आणि हा दोष त्यांचा नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपणहून पडतो.

कुळथाचं सार प्यायला माझी हरकत नाही, अंगात पाणी जातंय तेवढं चांगलंच. हरकत आहे ती दोन गोष्टींना. एक, कोण बनवतं आणि आत काय आहे हे माहीत नसलेली ‘खडा विरघळवणारी’ भस्मं आणि चूर्णं. त्यांत जड धातू असले तर किडनीचं नुकसान होतं. दुसरी, मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे खाणं. डायक्लोफिनॅकसारखी औषधं कळ थांबवतात, पण सतत घेतली तर किडनीलाच इजा करतात. शिवाय कळ थांबली म्हणजे खडा पडला असंही नाही. मूत्रवाहिनीत अडकून बसलेला खडा दुखायचा थांबतो आणि वरची किडनी हळूहळू फुगत जाते. म्हणून कळ गेल्यावरही सोनोग्राफी करून खडा गेला का हे पाहायलाच हवं. लोक दूध बंद करतात, तेही चुकीचं आहे. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं, ते तोडलं तर खडे वाढू शकतात. मीठ कमी करावं आणि दिवसभरात निदान दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर अडकलेल्या लघवीत जंतू वाढलेत असं समजून त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

जंतुसंसर्गाने जळजळ होते, वारंवार लघवीला लागते आणि कधी रक्तही येतं. बायकांमध्ये हा आजार नेहमीचा, तरुण पुरुषात मात्र तो तुलनेने कमी दिसतो. म्हणून पुरुषाला झाला तर तो का झाला हे शोधावं लागतं. लैंगिक संबंधांतून लागणारा गनोरिया, प्रोस्टेटची सूज, मूत्रमार्ग अरुंद होणं ही त्यांतली काही कारणं. गनोरियाची शंका असेल तर जोडीदारालाही उपचार लागतात, तेव्हा डॉक्टरपासून काही लपवू नये. वीर्यातून रक्त येणं ही गोष्ट वेगळी. तरुणांमध्ये ते बहुधा निरुपद्रवी असतं, तरी वारंवार आलं तर दाखवावं.

संसर्गाच्या याच रांगेत किडनीचा क्षय उभा असतो आणि तो आपल्या देशात विसरून चालत नाही. लघवीच्या तपासणीत पू पेशी दिसतात, थोडं रक्तही दिसतं, पण कल्चर केलं तर काहीच उगवत नाही. एकामागून एक अँटिबायोटिक बदलली जाते, तात्पुरता आराम पडतो, पुन्हा त्रास सुरू होतो. हळूहळू मूत्राशय आकसतं आणि माणूस दर अर्ध्या तासाने उठतो. तीन-चार वेळा अँटिबायोटिक होऊनही लघवीतली पू पेशी जात नसेल, तर क्षयाची तपासणी मागून घ्यावी. डॉक्टरांना राग येणार नाही, आणि आला तरी मागावी.

पळणाऱ्यांचं काय? हिवाळ्यात मुंबई-पुण्यात मॅरेथॉन पळणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्यातल्या काहींना शर्यत संपल्यावर लाल लघवी दिसते. लांब पळताना रिकाम्या मूत्राशयाच्या भिंती एकमेकींवर आपटतात, किडनीकडचा रक्तपुरवठा काही काळ घटतो. दुसरी गोष्ट म्हणजे टाचांच्या आघाताने रक्तवाहिन्यांतच लाल पेशी फुटतात. 1881 साली फ्लायशर या जर्मन डॉक्टरने एका तरुण सैनिकात कूच केल्यानंतर हे नोंदवलं होतं. व्यायामाचं रक्त दोन ते तीन दिवसांच्या विश्रांतीत पूर्ण जातं. तीन दिवसांनंतरही तपासणीत ते उरलं, तर पळण्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं नाही. कबड्डीत बरगडीखाली गुडघा लागला, मोटरसायकलवरून पडला, झाडावरून उतरताना दोन्ही बाजूंना पाय पडून फांदीवर आदळला आणि त्यानंतर लघवी लाल झाली, तर विश्रांतीची वाट न पाहता थेट रुग्णालय.

शेतात घोणस चावली असेल तर एक मिनिटही दवडू नये. तिच्या विषाने रक्त गोठण्याची ताकद संपते आणि हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. सरकारी रुग्णालयात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं स्थिर ठेवतात. ते गोठलं नाही की प्रतिसर्पविष सुरू करतात. मांत्रिकाकडे घालवलेले दोन तास किडनीला महागात पडतात.

आणि आता या प्रकरणातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. तरुणाच्या लघवीत रक्त दिसलं की घरच्यांना दोनच गोष्टी सुचतात, खडा किंवा कॅन्सर. खडा दुखून स्वतःच बोलतो. कॅन्सर या वयात दुर्मीळ. खरा निसटतो तो गाळण्यांचा आजार. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात; दोन्ही मिळून त्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर वगळता सगळं शरीर परत घेतं. चांगल्या गाळणीतून लाल पेशी जात नाही. गाळणीला सूज आली की ती जाते. यात दुखत नाही, जळजळत नाही, आणि म्हणूनच कुणी विचारत नाही.

यातला सर्वांत जास्त आढळणारा आजार आयजीए नेफ्रोपथी. 1968 साली पॅरिसमध्ये जाँ बेर्जे आणि निकोल एंग्ले यांनी तो वेगळा ओळखला. नाक-घसा-आतड्याच्या अस्तरात जंतूंशी लढणारं आयजीए नावाचं प्रतिद्रव्य काही जणांत बिघडलेल्या रूपात तयार होतं आणि गाळण्यांत साठत जातं. घसा धरला, सर्दी-ताप आला आणि त्याच वेळी किंवा एक-दोन दिवसांत लघवी कोलाच्या रंगाची झाली, ही याची ओळख. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतर येणारी सूज वेगळी; ती घसा बरा झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी येते, चेहरा सुजतो, रक्तदाब चढतो, आणि बहुतेकांत ती पूर्ण बरी होते. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘घसा कधी दुखला होता?’ या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्या.

आयजीएचा आजार विशी-तिशीतल्या पुरुषांत जास्त दिसतो. काहींना तो आयुष्यभर फारसा त्रास देत नाही. काहींत मात्र पंधरा-वीस वर्षांत किडनी निकामी होते, आणि आपल्याकडे रुग्ण बऱ्याचदा उशिरा येतात, तेव्हा अर्धी किडनी गेलेली असते. कुणाचा आजार कुठल्या वाटेने जाईल, हे सुरुवातीलाच दोन साध्या गोष्टी बऱ्यापैकी सांगतात: लघवीतून प्रथिन किती जातं आणि रक्तदाब किती आहे. लघवीला न जाणारा फेस येत असेल तर ते प्रथिनाचं लक्षण असू शकतं. रक्तदाबाची विशिष्ट औषधं वेळेवर सुरू केली, मीठ कमी केलं, तंबाखू सोडली, तर डायलिसिस कित्येक वर्षं लांबवता येतं, कधी टाळताही येतं. नेमकं निदान मात्र बायॉप्सीशिवाय होत नाही. सोनोग्राफीत पाहत सुईने किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढतात, भूल फक्त त्या जागेपुरती देतात आणि साधारण एक दिवस रुग्णालयात राहावं लागतं. नातेवाईक या सुईला जेवढे भितात, तेवढे वाढलेल्या क्रिएटिनिनला, म्हणजे किडनी मंदावल्याच्या रक्तातल्या खुणेला, भीत नाहीत. हे अगदी उलट असायला हवं.

काही आजार घरातून येतात. आल्पोर्ट यांनी 1927 साली एका इंग्रज कुटुंबात किडनीचा आजार आणि बहिरेपण एकत्र येतं असं दाखवलं. त्याचा बहुतांश दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून तो आईकडून मुलाकडे येतो. आईच्या लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल एवढं रक्त असतं, पण तिच्या भावाचं डायलिसिस चालू असतं आणि त्याला ऐकूही कमी येतं. तेव्हा लघवीत रक्त आलेल्या मुलाला मामाची तब्येत नक्की विचारावी. वडिलांच्या किंवा आईच्या बाजूला किडनीत गाठी-पुटी असणाऱ्यांचा इतिहास असेल तर सोनोग्राफीत ते लगेच कळतं. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

विदर्भात, नंदुरबारमध्ये, आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकल सेलचे वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला ते माहीतही नसतं. पण किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे त्याच्या लाल पेशी वाकड्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि न दुखता लघवीतून रक्त येतं, बहुतेक वेळा डाव्या किडनीतून. केंद्र सरकारने 2023 साली सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणाच्या लघवीत रक्त आलं आणि ही तपासणी झाली नसेल, तर तपास अर्धवट राहिला. वाहक असणं हा आजार नाही आणि कमीपणाही नाही.

एक कारण आपल्या कोकणाशी जोडलेलं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. इजिप्तमध्ये मुलांच्या लघवीतून रक्त जाणं इतकं नेहमीचं होतं की काही ठिकाणी ते वयात येण्याचं लक्षण समजलं जायचं. 1851 साली कैरोत थिओडोर बिल्हार्त्स या जर्मन डॉक्टरने शवविच्छेदनात त्याचं कारण असलेला जंत शोधला. 1910 साली रफर यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या किडन्यांत त्याच जंताची अंडी सापडली. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात आणि पुन्हा पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. भारतात हा आजार नाही असंच मानलं जायचं. 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आणि त्यांच्या लघवीत ही अंडी दाखवून दिली. आज या इतिहासाचा उपयोग काय? आफ्रिकेत कामाला किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी तरुणांनी मलावीच्या सरोवरात किंवा नाईलच्या कालव्यात अंघोळ केली असेल आणि काही महिन्यांनी शेवटच्या थेंबांना रक्त आलं, तर तो प्रवास डॉक्टरला सांगावा. उपचार सोपा आहे, प्राझिक्वांटेल या गोळ्या. उपचार नाही झाला तर हाच जंत पुढे मूत्राशयाच्या कॅन्सरला कारण होऊ शकतो.

कॅन्सरबद्दल एवढंच. चाळिशीच्या आत मूत्राशयाचा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो, आणि त्याचं रक्त न दुखता येतं. विडी-सिगारेट हे त्याचं सर्वांत मोठं कारण. दुसरं कारण रंगांच्या कारखान्यातलं: 1895 साली फ्रांकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांत या गाठी दाखवल्या. सिगारेट ओढणारा किंवा रंग-रसायनांत काम करणारा तरुण असेल, रक्त पुन्हा पुन्हा येत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर दुर्बिणीतून मूत्राशय पाहावं लागतं. प्रत्येकाला त्याची गरज नसते.

गरज प्रत्येकाला आहे ती फार स्वस्त तपासण्यांची. सकाळी धारेच्या मधली ताजी लघवी, सूक्ष्मदर्शकाखाली. त्याआधी दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम नको. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात तीन किंवा अधिक लाल पेशी दिसल्या तर रक्त आहे असं धरतात. लाल पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या आहेत का, त्यांच्या नळीसारख्या ‘कास्ट’ दिसतात का, हे पॅथॉलॉजिस्टला मुद्दाम विचारावं. त्यावरून रक्त गाळण्यांतून आलं हे कळतं. त्याच्या जोडीला लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तदाब आणि पोटाची सोनोग्राफी. यांतलं काहीही तालुक्याच्या गावी होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी रक्ताचं खापर तिच्यावर फोडून तपास सोडू नये. ती गोळी आधीपासून लपलेलं कारण फक्त उघडं पाडते.

गुठळ्यांमुळे लघवी पूर्ण अडली, चेहरा-पाय सुजून लघवी कमी झाली, किंवा मार लागल्यावर रक्त आलं, तर यातलं काहीही वाचत बसू नका, रुग्णालयात जा. बाकीच्यांनी, लघवी दोन वर्षांपूर्वी एकदाच लाल झाली असली तरी, या महिन्यात रक्तदाब मोजून घ्या, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासा, आणि रिपोर्ट चांगला आला तरी वर्षाने पुन्हा एकदा करून घ्या.